मियोक मोडायची नाही

आमच्या विहीणबाई फोनवर कधी रागावत नाहीत. त्या गोड बोलतात, आणि फोन ठेवल्यावर बऱ्याच वेळाने आपल्याला कळतं की कुठेतरी टोचलंय. त्या दिवशीही तसंच झालं.

"आता आठवड्याभराचाच प्रश्न आहे," त्या सोलहून म्हणाल्या. "तुम्ही एवढ्या लांबून ओझी वाहत येऊ नका हं. बाळंतिणीच्या साराची मियोक मी इथल्या मोठ्या दुकानातून आणून ठेवलीय. छान बारीक कापलेली, स्वच्छ, पाकिटातली."

मी "बरं, बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि मुळा चिरायला घेतला. अर्धा मुळा चिरून झाल्यावर मी सुरी खाली ठेवली.

"अहो," मी म्हटलं, "आपल्या युन-मीला पाकिटातली मियोक घालणार आहेत."

आमचे हे टीव्हीवर बेसबॉल बघत होते. "मग?" ते म्हणाले.

मग! बाळंतीण जरा सावरून बसली की तिच्या पोटात पहिलं जातं ते मियोकचं सार, वाफाळत्या भाताबरोबर. माझ्या आईला आजीने दिलं, मला आईने दिलं. आणि ही मियोक, म्हणजे हे खायचं शेवाळ, उगवतं कुठे? समुद्रात, आमच्या दाराशी. कीजांगच्या खडकांवरची मियोक सगळ्या देशात नावाजलेली आहे, आणि कीजांग आमच्या बुसानच्या कुशीत आहे. बुसानच्या आईच्या लेकीने सोलच्या दुकानातला मियोकचा चुरा खायचा, म्हणजे मिठागराच्या मालकाने शेजाऱ्याकडे चिमूटभर मीठ मागायला जायचं.

मी तिथेच ठरवलं. युन-मीच्या पोटात जाणारा पहिला घोट माझ्या मियोकचा असेल. विहीणबाईंच्या पाकिटाच्या आधी. जग इकडचं तिकडे झालं तरी.

आता बाळंतिणीची मियोक साधी मियोक नसते. ती लांबच्या लांब, दोरीवर वाळली तशीच, अखंड असावी लागते. ती मोडायची नाही आणि दुमडायची नाही. नाहीतर बाळंतपण अडतं. आणि ती विकत घेताना घासाघीस करायची नाही. भाव कापला की बाळाचं आयुष्य कापलं जातं. मी हे सगळं मानते का? अजिबात मानत नाही. पण स्वतःच्या लेकीच्या वेळेला न मानून बघायची हिंमत कोणाची आहे?

न दुमडण्याची मला चिंता नव्हती. सरळ वागायची मला सवय आहे. माझा घास घेतला होता तो त्या घासाघिशीच्या नियमाने. नाम्पो-दोंगच्या सुक्या मालाच्या बाजारात मी नुसती शिरले तरी दुकानदारणी मालावर कापड टाकतात. गोदीत जहाजांच्या पोटावरचा गंज हातोडीने काढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. हातोडी सुटली तरी सवय सुटली नाही, एवढंच. भाव हा मला गंजासारखा दिसतो. ठोकला की थोडा तरी निघतोच.

पण रात्रभर विचार करून मी एक पळवाट काढली. मियोक कोणासाठी आहे हे सांगायचंच नाही. दुकानदारणीला माहीत नसेल तर ती साधी मियोक. साध्या मियोकची घासाघीस करायला कोणाची बंदी आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांना बरोबर घेतलं आणि गेले यॉसूवालीच्या दुकानात. तिचं खरं नाव चोम-रे, पण यॉसूहून लग्न करून आली म्हणून सगळा बाजार तिला यॉसूवालीच म्हणतो. गेली कित्येक वर्षं आम्ही दोघी एकमेकींना मनापासून लुटत आलोय.

"ये ताई, ये," ती म्हणाली. "आज कोणाचं दिवाळं काढायला बाहेर पडलीस?"

"मियोक बघायचीय."

"साराला?"

"नाहीतर काय, डोक्याला बांधायला?"

तिने वरच्या दांडीवरून एक पट्टी उतरवली. काय सांगू! माझ्या हनुवटीला लागेल एवढी लांब, काळीभोर, उन्हात धरली की कडेने हिरवी चमकणारी. मी नाक मुरडलं. चांगल्या मालासमोर आधी नाक मुरडायचं असतं. यॉसूवालीने ते बघितलंसुद्धा नाही. तिने पिशवी उघडली आणि सवयीच्या हाताने पट्टी मधोमध दुमडायला घेतली.

"थांब!" मी किंचाळले. समोरच्या सुक्या माकुळवालीच्या हातातली टोपली पडली.

"का गं?"

"दुमडू नकोस."

"का पण?"

"मला... लांबच आवडते."

"हिला लांबच आवडते," यॉसूवालीने माकुळवालीला ओरडून सांगितलं.

"घरी नवीन कपाट घेतलंय," मी म्हटलं. "उंच आहे. रिकामं रिकामं वाटतं."

यॉसूवालीने पट्टी हलकेच आडवी ठेवली. हात एप्रनला पुसले. माझ्याकडे बघून हसली. ते हसू मी आजपर्यंत फक्त मांजरांच्या तोंडावर बघितलंय.

"ताई," ती म्हणाली, "तुझ्या युन-मीचे दिवस भरत आले ना गं आता?"

खोटं बोलले असते, पण लेकीच्या दिवसांबद्दल खोटं तोंडातून निघेना. माझ्या गप्प बसण्यातच सगळं आलं.

यॉसूवालीने मान खाली घातली आणि देवळात बोलावं तशा आवाजात मियोकचा भाव सांगितला.

तो भाव मी इथे लिहीत नाही. लिहिला तर विहीणबाईंच्या वाचनात येईल. "काय सोन्याची आहे का?" हे शब्द माझ्या तोंडात तयारच असतात, ते धावत आले आणि दातांच्या मागे येऊन उभे राहिले. मी ओठ मिटले. नाकातून श्वास घेतला. डोळ्यांत पाणी आलं.

"काही म्हणालीस का, ताई?"

"नाही."

"काही म्हणायचंय का?"

"नाही म्हटलं ना!"

"बाळाला उदंड आयुष्य लाभो," ती म्हणाली. "एका पट्टीने काय होतंय? तीन आठवडे तिन्ही त्रिकाळ सार लागणार. पाच देते. आणि ही मांदेली बघ. साराच्या पाण्याला सुकी मांदेली लागतीलच."

"मांदेलींना तो नियम नाही हं!" मी म्हटलं.

"नाही ना? मग कर घासाघीस. मी कुठे अडवलंय?" ती मांदेली मापात भरता भरता म्हणाली. "पण सार एकच. त्यात मियोकही आली आणि मांदेलीही आली. बाळाच्या आयुष्यातली किती वर्षं मियोकमधली आणि किती मांदेलींतली, ते मला अडाणी बाईला काय कळणार!"

मी मांदेली घेतली. मग सुके शिंपले घेतले. मग विहीणबाईंसाठी खारवलेली गाबोळी घेतली, कारण ती त्याच घरात जाणार होती आणि एका घराचं आयुष्य काय वेगवेगळं असतं का, असं यॉसूवालीचं म्हणणं पडलं. तिच्या जावेचं तिळाच्या तेलाचं दुकान शेजारीच आहे. तेलही आलं. माझ्यासमोर ढीग वाढत होता आणि मी लाकडी बाहुलीसारखी मान हलवत होते. बातमी बाजारात पसरली. लांबलांबच्या दुकानदारणी हातातलं काम टाकून बघायला आल्या. मी भाव न करता खरेदी करतेय हे दृश्य त्यांना पुन्हा दिसणार नव्हतं. एक तर नातसुनेला हाताला धरून घेऊन आली आणि म्हणाली, "बघून ठेव."

मग मला आमचे हे आठवले. नियम बाईने घासाघीस करू नये असा आहे. आजोबांबद्दल कोणी काही बोललेलं नाही. हे मगाशीच पलीकडच्या पर्यटकांच्या दुकानाकडे सटकले होते, ते परत आले तेव्हा हातात एक पांढरी टोपी होती. पुढे सोनेरी नांगर आणि वर 'बुसान'.

"व्याहीबुवांना," ते म्हणाले. "कप्तानाची आहे."

मी त्यांना कोपराने ढोसलं, ढिगाकडे डोळा दाखवला आणि भुवया उंचावल्या. संसाराला इतकी वर्षं झाल्यावर माणसाला एवढं कळायला हवं.

"किती झाले?" ह्यांनी यॉसूवालीला विचारलं. तिने सांगितलं. ह्यांनी मान डोलावली. "अरे वा," ते म्हणाले, "मला वाटलं जास्त होतील."

त्या क्षणी मला ह्यांना मियोकच्या शेजारी दांडीवर वाळत घालावंसं वाटलं.

एक मात्र खरं सांगते. निघताना यॉसूवालीने पट्ट्या दोन लांब पुठ्ठ्यांच्या मध्ये निजवल्या, गवताच्या दोरीने अलगद बांधल्या, आणि बांधता बांधता आणखी तीन पट्ट्या आत सरकवल्या. "भाव कमी करायचा नाही," ती पुटपुटली, "पण वर घालायचं नाही असं कोणी सांगितलेलं नाही. युन-मी सुखरूप सुटू दे." मला तिची गळाभेट घ्यावीशी वाटली. पण भाव आठवला आणि मी नुसती मान हलवली.

घरी आलो तर लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या पांगबाई. त्यांना काही दाखवावं लागत नाही, त्यांना सगळं दिसतं.

"फोल्डिंगचा पडदा घेतलात का?"

मी सांगितलं. तासाभरात आमच्या घरात निम्मी इमारत जमली. पांगबाई म्हणाल्या, गॅलरीत ठेवू नका, समुद्राची दमट हवा लागून नरम पडेल आणि वाकेल. सोसायटीचे चेअरमन म्हणाले, आत ठेवू नका, घर उबदार राहावं म्हणून जमीन खालून तापवलेली आहे, कडक होऊन तडकेल. मी म्हटलं, गॅलरीतही नको, आतही नको, तर मग काय हातात धरून उभी राहू? चेअरमन म्हणाले, तेच उत्तम. शेवटी मियोक आमच्या पलंगावर निजली आणि हे खाली जमिनीवर. रात्रभर ते पलंगाकडे पाठ करून निजले. म्हणजे रागावले होते.

"कुरियर करून टाका ना," पांगबाईंनी सकाळी सुचवलं. म्हणून मी खाली कुरियरच्या खिडकीवर गेले. तिथल्या माणसाने पुठ्ठ्याला टेप लावून बघितली.

"आत काय आहे?"

"मियोक."

"वाटेत दुमडली तर?"

"दुमडली तर माझी मुलगी अडेल."

त्या माणसाने पुढ्यातला फॉर्म वरून खालपर्यंत वाचला. "काच आहे का, असं विचारता येतं," तो शेवटी म्हणाला. "द्रव आहे का, असंही विचारता येतं. मुलगी अडेल असा रकाना नाही, काकू."

मी पुठ्ठा उचलून परत आणला. आपल्या लेकीचं बाळंतपण रकाना नसलेल्या माणसाच्या हाती कसं द्यायचं?

त्याच सकाळी आम्ही स्टेशनला निघालो. हे पुढे, दोन्ही हातांत मांदेली, गाबोळी, तेल. मी मागे, मियोक झेंड्यासारखी उभी धरून. बसमध्ये एका गृहस्थाने मला मासे कुठे लागतात ते विचारलं. त्याला तो गळ वाटला होता. दुसऱ्याला ते अंत्ययात्रेतलं निशाण वाटलं; त्याने उठून मला जागा दिली आणि दुखवट्याला निघालात का म्हणाला. मी बसले. जागा मिळतेय तर दुखवटा तर दुखवटा.

स्टेशनवर जे झालं त्याला हे मला जबाबदार धरतात. उतारवयात अक्षरओळख झाल्यापासून मला पाटी दिसली की वाचल्याशिवाय पुढे जाववत नाही, आणि मनात वाचणं मला अजून नीट जमत नाही. फाटकापाशी मोठी पाटी होती. मी मोठ्याने वाचली. "ठराविक लांबीपेक्षा लांब सामान गाडीत नेता येणार नाही."

फाटकावरचा रेल्वेचा माणूस तोवर दुसरीकडे बघत होता. त्याने मान वळवली.

"आजी, ते काय आहे?"

"गळ," हे म्हणाले.

"मियोक," मी म्हणाले. एकाच वेळी.

ह्यांनी डोळे मिटून घेतले. त्या माणसाने टेप आणली, मोजलं, आणि मोठ्या दिलगिरीने म्हणाला, "जरा जास्त भरतेय आजी. मधून एकदा दुमडली तर चालेल."

तोच मागच्या रांगेतून एक जाडजूड बाई पुढे आली. "काय म्हणालास? बाळंतिणीची मियोक दुमडायची?"

"मला माहीत नव्हतं ना, ताई..."

"तुझ्या आईला विचार! तुझ्या वेळेला तिने दुमडलेली खाल्ली असेल, म्हणूनच तू असा निघालायस."

"नियम आहे, ताई."

"कोणी केला? ज्याने केला त्याला कोणी जन्म दिला?"

रांगेतल्या सगळ्या बायका आता बोलू लागल्या. एकीने मला तिच्या तिन्ही बाळंतपणांची हकीकत सुरुवातीपासून सांगायला घेतली. मागचे पुरुष घड्याळं बघत होते, पण मध्ये पडायची एकाचीही छाती झाली नाही. तो बिचारा घामाघूम झाला. माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाला, "आजी, वाद्य असेल तर सूट आहे. हे वाद्य आहे का?"

"आहे," हे लगेच म्हणाले.

"कोण वाजवतं?"

"ही," हे माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "माझं लग्न झाल्यापासून अखंड ऐकतोय."

रांग हसली. रेल्वेचा माणूस हसला. मी हसले नाही. बाईमाणसाची अब्रू चारचौघांत अशी जाते, आणि तीसुद्धा फाटक उघडून मिळावं म्हणून. पण फाटक उघडलं होतं, म्हणून मी हिशोब पुढे ढकलला आणि वाद्य घेऊन आत शिरले. सोलपर्यंत ते मी गुडघ्यांत धरून बसले. डबाभर समुद्राचा वास भरला. आधी लोकांनी नाकं दाबली, मग एकेकाने जेवणाचे डबे काढले.

वाटभर मी एकच गोष्ट मनात घोळवत होते. विहीणबाई दार उघडतील, पुठ्ठा बघतील आणि म्हणतील, "अगं बाई, एवढी मोठी!"

विहीणबाईंनी दार उघडलं, पुठ्ठा बघितला आणि म्हणाल्या, "बरं झालं आलात! युन-मीला पहाटेच हॉस्पिटलमध्ये नेलंय."

हे आणि व्याहीबुवा खुर्च्यांवर बसले. टोपी दिली गेली, घातली गेली, आरशात बघितली गेली. मी पुठ्ठे सोडून मियोक जमिनीवर ठेवली. तेव्हा कुठे विहीणबाई म्हणाल्या, "अगं बाई, एवढी मोठी!" पण मी ज्या सुरात ऐकायचं ठरवलं होतं तो सूर नव्हता. "भिजवायची कशात?"

त्यांच्या स्वयंपाकघरात सगळं चकचकीत आणि सगळं लहान. किमची विकत येते, त्यामुळे मोठं पातेलं नाही. सगळ्यात मोठ्या भांड्यात मियोकचा जेमतेम शेंडा मावला असता.

"दोन तुकडे केले तर?" विहीणबाई म्हणाल्या आणि पट्टी हातात घेतली. "हल्ली कोण मानतं?"

तेवढ्यात फोन वाजला. जावईबापू होते. "आई, अजून वेळ लागेल. डॉक्टर म्हणतायत, बाळ जरा अडलंय."

विहीणबाईंनी मियोक अशी खाली ठेवली की जणू चटका बसला. "मी वाकवली नाही हं!" त्या पांढऱ्याफटक पडल्या. "तुम्ही बघितलंत ना? नुसती उचलली होती!"

"बघितलं, बघितलं," मी म्हटलं. आम्ही दोघींनी मिळून ती पट्टी सरळ केली, मग उगाच आणखी सरळ केली.

लांबलचक भांडं त्या घरात एकच होतं. मी बाही वर केली आणि न्हाणीघरातला टब घासायला बसले. गोदीतली घासणी होती ती. पांढरा टब इतका पांढरा झाला की विहीणबाईंनी त्याचा मूळ रंग पहिल्यांदा बघितला, पण मी ते बोलून दाखवलं नाही. विहीणबाई म्हणतात की दाखवलं, पण मी नुसतं "अगंबाई" म्हणाले होते.

टबात पाणी भरलं. मी दोन पट्ट्या सोडल्या.

"एवढीशीच?" विहीणबाई वाकून म्हणाल्या. "वाळलेली किती बारीक दिसते हो. पुरेल का? की माझं पाकीट फोडू?"

पाकीट! मियोक पाण्यात फुगते हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पण 'पाकीट' हा शब्द कानात शिरला आणि ठाऊक असलेलं सगळं दुसऱ्या कानाने बाहेर पडलं. मी पाचही पट्ट्या टाकल्या आणि यॉसूवालीने वर घातलेल्या तीनही टाकल्या.

"पुरेल," मी म्हटलं.

मग आम्ही स्वयंपाकघरात गेलो आणि साराला मांस घालायचं की शिंपले, यावर बोलू लागलो. सोलची माणसं मांस घालतात. घालोत बापडी. त्यांच्याकडे समुद्र नाही, त्यात त्यांची चूक नाही. मी हे समजुतीच्या सुरात सांगत होते, विहीणबाई हसून ऐकत होत्या आणि मांसाचे तुकडे करत होत्या. मी शिंपले भिजत घातले. त्यांनी ते चुलीपासून लांब सरकवले. मी मांस लांब सरकवलं. असं बराच वेळ गोडीगुलाबीने चाललं होतं, तेवढ्यात न्हाणीघरातून व्याहीबुवांची किंकाळी आली.

"बाहेर येतंय! आतून काहीतरी बाहेर येतंय!"

धावलो. व्याहीबुवा कप्तानाची टोपी घालून भिंतीला चिकटले होते. टब दिसत नव्हता. टबाच्या जागी मियोक होती. काळी, चमचमती, काठावरून ओघळून जमिनीवर उतरलेली, आणि अजूनही सावकाश वाढत होती. जमिनीवरची जाळी तिने झाकून टाकली होती, त्यामुळे पाणी उंबऱ्यापर्यंत चढलं होतं.

"आधी जाळी मोकळी करा!" आमचे हे ओरडले. टगबोटीवर इंजिन सांभाळण्यात जन्म गेलेला माणूस, कितीतरी वर्षांनी त्यांना बुडणारं काहीतरी मिळालं होतं. "व्याहीबुवा, त्या बाजूने ओढा! मोडू नका! ए, मोडायची नाही!"

चार म्हातारी माणसं त्या चिमुकल्या न्हाणीघरात मियोक ओढत होती, आणि ओढलेली मियोक ठेवायला जागा नव्हती म्हणून एकमेकांच्या खांद्यांवर टाकत होती. विहीणबाईंनी विजार गुडघ्यांपर्यंत दुमडली होती, पार्लरमधले कुरळे केस कपाळाला चिकटले होते. मी घसरले आणि मऊ मियोकवर बसले. विहीणबाई मला उठवायला वाकल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. आम्ही एकमेकींकडे बघितलं. आधी त्या हसल्या, हे मी देवाला साक्षी ठेवून सांगते.

त्यात फोन वाजला. विहीणबाईंनी खिशातून काढला, पण बुळबुळीत हातांतून तो माशासारखा निसटला आणि ढिगात गडप झाला. चौघेही ढिगात हात घालून चाचपू लागलो. फोन सापडेना. मात्र कोणाचं तरी बोट लागलं असावं, कारण मियोकच्या आतून जावईबापूंचा आवाज आला.

"आई! मुलगी झाली! दोघी छान आहेत! आई? ऐकताय ना? तुम्ही कुठे आहात?"

मग व्याहीबुवांनी टोपी काढली आणि मियोकच्या ढिगाला वाकून म्हणाले, "ऐकलं रे बाळा. ऐकलं."

पुढचं सगळं घाईत झालं. बाळ झालं होतं, आता मोडायला हरकत नव्हती. पातेल्यात आधी मांस पडलं आणि मी तोंड उघडायच्या आत विहीणबाईंनी स्वतःच्या हाताने शिंपलेही घातले. उरलेली मियोक बादल्यांत भरून दोघे पुरुष मजल्यामजल्यावर वाटत फिरले. त्या इमारतीत कोणी कोणाला ओळखत नव्हतं. टोपीवाला म्हातारा दारात बादली घेऊन उभा राहिल्यावर ओळखी झाल्या.

सार डब्यात भरताना विहीणबाईंनी आवाज खाली आणला. "विहीणबाई, टबाचं युन-मीला कळायला नको हं."

"कसला टब?" मी म्हटलं.

दिवे लागायच्या वेळी आम्ही दोघी हॉस्पिटलमध्ये पोचलो. डबा मी छातीशी धरला होता. विहीणबाईंनी भाताचा. युन-मी उशीला टेकून बसली होती, आणि बाजूला काचेच्या पाळण्यात एक लालबुंद गाठोडं जांभया देत होतं. तिचं मी काय सांगू, सगळ्याच नाती तशा असतात, फक्त आमची जास्त चांगली आहे.

मग मला पुढ्यातलं ताट दिसलं. त्यात एक रिकामा वाडगा होता. काठाला मियोकचा नखाएवढा तुकडा चिकटलेला होता. चौकोनी.

"इथल्यांनीच आणून दिलं, आई," युन-मी म्हणाली. "भूक लागली होती गं खूप. आणि गरम होतं."

पहिला घोट गेला होता. बाजार, स्टेशन, टब, सगळं करून मी दुसरी आले होते. मी डबा कुठे ठेवावा ते बघत उभी राहिले. तेवढ्यात विहीणबाई पुढे झाल्या. त्यांनी तो वाडगा उचलला, काठावरचा तुकडा दोन बोटांत धरून उजेडात बघितला आणि असं तोंड केलं की मी इतकी वर्षं बाजारात करते ते काहीच नाही.

"पाकिटातली," त्या म्हणाल्या. "कापलेली!"

आणि वाडगा दाराबाहेर नेऊन ठेवला.

त्या बाईबद्दल मला त्या क्षणी जे वाटलं ते मी तिला कधीही सांगणार नाही. मी डबा उघडला. युन-मीने पहिला चमचा घेतला, थांबली, मग खालीच बघत खात राहिली. डब्याचा तळ दिसला तेव्हा तिने मान वर केली.

"आई, हे काहीतरी वेगळंच लागतंय. इतकं मऊ कधीच नव्हतं. काय केलंत?"

मी डब्याचं झाकण शोधू लागले.

विहीणबाईंनी सुनेच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं, चमचा पुसला, तो रुमालात गुंडाळला.

"काही नाही गं," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "तुझ्या आईने भिजवायला भांडं जरा मोठं घेतलं होतं."